उलुरूचा सूर्योदय: तालिन्गुरू न्याकुन्जाकूचं टेकाड आणि त्याच्या पायथ्याच्या दोन पायवाटा

उलुरू हा ऑस्ट्रेलियातला प्रचंड लाल खडक पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी अंधारात तालिन्गुरू न्याकुन्जाकूच्या वाळूच्या टेकाडावर येतात, अर्धा तास फोटो काढतात आणि सूर्य जरा वर आला की नाश्त्यासाठी परत पळतात. टेकाडाच्या अंगाने दोन छोट्या पायवाटा जातात. एक इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अनांगू लोकांच्या, बायकांच्या कामाची आणि ज्ञानाची, दुसरी पुरुषांच्या. त्या वाटांवर तोवर शुकशुकाट झालेला असतो. आमचं म्हणणं असं की ही पहाट आखायची ती सूर्योदयासाठी म्हणून नव्हे, तर सूर्योदयापासून पुढच्या तीन तासांसाठी. खडकाचे रंग बदलतात हे खरं, पण तो खडक वाचायचा कसा हे त्या वाटांवर समजायला लागतं. पुढचं सगळं नियोजन याच हिशेबाने दिलं आहे.

जागा कुठे, दिसतं काय

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, नॉर्दर्न टेरिटरीत, उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यान आहे. अनांगू हे इथले मूळ मालक. २६ ऑक्टोबर १९८५ ला ही जमीन कायदेशीररीत्या त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. तेव्हापासून अनांगू आणि उद्यान खातं मिळून कारभार बघतात. युनेस्कोच्या यादीत हे उद्यान १९८७ मध्ये निसर्गासाठी आणि १९९४ मध्ये संस्कृतीसाठी, असं दोनदा आलं.

उलुरू जमिनीपासून ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा घेर ९.४ किलोमीटर. तालिन्गुरू न्याकुन्जाकू त्याच्या आग्नेयेला, साधारण तीन किलोमीटरवर. ही जागा २००९ मध्ये खुली झाली. समोर उलुरू, त्याच्या डाव्या हाताला दूरवर काटा जुटा या खडकांच्या समूहाचे घुमट, आणि मधे सगळं सपाट वाळवंट. दोन्ही एकाच नजरेत येतात ही या जागेची खासियत. वेगवेगळ्या उंचीवर बघायचे प्लॅटफॉर्म आहेत, सावलीचे मांडव आहेत, स्वच्छतागृह आहे. चहाची टपरी नाही, दुकान नाही.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. सूर्य उलुरूच्या मागून वर येत नाही. तुम्ही वायव्येकडे तोंड करून उभे असता, त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा उजव्या अंगाला उगवतो आणि तुम्ही बघता ते खडकावर पडणारं ऊन. ऋतूप्रमाणे यात मोठा फरक पडतो. डिसेंबरमध्ये सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला, म्हणजे जवळजवळ पाठीशी उगवतो आणि समोरचा कडा उजळून निघतो. जून-जुलैत तो ईशान्येकडे सरकतो, ऊन उजवीकडून तिरकं येतं, आणि तुमच्या समोरच्या बाजूचा बराच भाग सावलीत राहतो. हिवाळ्यात आलेले लोक ‘फोटोत दिसतो तसा लाल झालाच नाही’ म्हणून कुरकुरतात, त्याचं कारण हे. पण त्याच तिरक्या उन्हात खडकाच्या घड्या, खोबणी आणि भेगा ठसठशीत उठून दिसतात, म्हणून जाणकार छायाचित्रकारांना हिवाळाच आवडतो.

कोणत्या महिन्यात

तिथला हिवाळा, म्हणजे मे ते सप्टेंबर, चालायला उत्तम. दिवसा ऊन सुखाचं असतं, रात्री मात्र पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो. गर्दीही याच काळात असते आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उन्हाळा. तापमान चाळिशी ओलांडतं, माश्या पिच्छा सोडत नाहीत, पण प्लॅटफॉर्म मोकळे मिळतात. नशिबाने पाऊस पडलाच तर उलुरूच्या अंगावरून धबधबे कोसळतात, ते दृश्य दुर्मीळ. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एप्रिलचा शेवट, मे किंवा ऑगस्टचा शेवट निवडावा.

आता वेळेचं गणित, कारण चुका इथेच होतात. नॉर्दर्न टेरिटरीचं घड्याळ भारताच्या बरोबर चार तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात ते हलत नाही. सिडनी-मेलबर्नचं घड्याळ हिवाळ्यात याच्या अर्धा तास पुढे, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दीड तास पुढे असतं. सिडनीहून दुपारी उतरलेल्या माणसाचा फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही. रात्री गजर लावताना एकदा पडताळून घ्या.

उद्यानाचं फाटक रात्रभर उघडं नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी ते पहाटे ५ ला उघडतं, मार्च-एप्रिलमध्ये ५.३० ला, मे महिन्यात ६ ला, जून-जुलैत ६.३० ला, ऑगस्टमध्ये ६ ला, सप्टेंबरमध्ये ५.३० ला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ५ ला. सूर्योदय जूनच्या शेवटी साधारण साडेसातला, एप्रिलच्या मध्याला सातच्या सुमारास, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६.३५ च्या आसपास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाला होतो. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. जुलैत फाटक उघडल्यावर तासभर हाताशी असतो, घाई करायचं कारणच नाही. डिसेंबरमध्ये मात्र पाऊण तासच मिळतो. त्यातला निम्म्याहून जास्त गाडी चालवण्यात जातो, म्हणून उन्हाळ्यात फाटक उघडण्याआधी रांगेत उभं राहावंच लागतं.

पोचणं आणि राहणं

विमानतळाचं नाव तिकिटांवर ‘एअर्स रॉक’ असंच येतं, शोधताना ‘उलुरू’ टाकून काही मिळालं नाही तर गोंधळू नका. सिडनीहून विमानाला साधारण साडेतीन तास लागतात. मुक्काम युलारा या वसाहतीत. उद्यानाच्या आत ना हॉटेल आहे, ना तंबू ठोकायला परवानगी. युलारात महागड्या हॉटेलपासून तंबू-कॅराव्हॅनच्या तळापर्यंत सगळं आहे. किराणा दुकान आहे आणि पेट्रोल पंप आहे. पेट्रोल इथेच भरायचं, उद्यानात ते मिळत नाही.

ॲलिस स्प्रिंग्जहून रस्त्याने यायचं तर सुमारे साडेचारशे किलोमीटर आणि पाच तास धरा. स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला दोनशे किलोमीटर एर्ल्डंडापर्यंत, तिथून पश्चिमेला लॅसेटर हायवे. वाटेत डावीकडे एक मोठा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि गाडीतले सगळे ‘आला उलुरू’ म्हणून कॅमेरे काढतात. तो माउंट कॉनर. अजून बरंच अंतर बाकी असतं.

या रस्त्यावर सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. कांगारू, मोकाट गुरं आणि रानटी उंट अंधारात रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात गावाबाहेर रात्री चालवण्याला बहुधा संरक्षण नसतं. मग सूर्योदयाला अंधारात जायचं कसं? करारावर सही करण्यापूर्वी काउंटरवर नेमका हाच प्रश्न विचारा: युलारा ते उद्यान हा रस्ता पहाटे चालतो का? रोजच्या किलोमीटरची मर्यादाही त्याच वेळी विचारून घ्या. कित्येक करारांत ती इतकी कमी असते की काटा जुटाची एक फेरी मारली की संपते. गाडी नको असेल तर युलाराहून सूर्योदयाच्या बस आणि सहली आहेत. फक्त नोंदणी करताना परतीची वेळ पाहा. सूर्योदयानंतर लगेच निघणाऱ्या सहलीत पायवाटा हुकतात. उतरवून नंतरच्या फेरीने परत नेणारी बस आपल्या कामाची.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा लागतो. दुधाची मिठाई, बिया, ताजी फळं बरोबर घेऊच नका. बाकी कोरडा खाऊ जाहीर केला तर फार तर काढून घेतील, लपवला तर दंड मोठा आहे. शाकाहारी मंडळींनी सिडनी किंवा मेलबर्नच्या भारतीय दुकानातून दोन-तीन दिवसांची पाकिटं घेऊन यावीत. युलारात उपाशी राहायची वेळ येत नाही, पण निवड कमी आणि दर चढे असतात.

आदला दिवस

प्रवेशपास ऑनलाइन काढा. मोठ्या माणसाला तीन दिवसांचे ३८ डॉलर, १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट (निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर दर पुन्हा पाहून घ्या). या रकमेतला पाव हिस्सा अनांगू समाजाकडे जातो. पास फोनमध्ये उतरवून ठेवा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. फाटकापाशी नेटवर्क शोधत बसलेली एक गाडी मागच्या वीस गाड्यांचा सूर्योदय घालवू शकते.

दुपारी युलारात पोचलात तर खोलीवर लोळू नका, थेट उद्यानातल्या सांस्कृतिक केंद्रात जा. १९९५ मध्ये उघडलेली ही मातीच्या विटांची इमारत कुनिया आणि लिरू या दोन पूर्वज सापांच्या आकारावर बेतलेली आहे. इथे जुकुर्पाची पहिली ओळख होते. जुकुर्पा म्हणजे अनांगूंचा कायदा, सृष्टीची कथा, माणसामाणसांतली नाती, कोणती वनस्पती कधी खुडायची याचं ज्ञान, हे सगळं मिळून एकच. ‘दंतकथा’ हा शब्द त्याला पुरत नाही आणि अनांगूंसमोर तो वापरूही नये. केंद्रातल्या जुकुर्पाच्या दालनात फोटोला मनाई आहे. मारुकू आणि वल्काजारा ही अनांगूंची कलादालनंही इथेच आहेत. कोरलेली लाकडी भांडी, चित्रं घ्यायची तर विमानतळावरच्या दुकानाआधी इथे बघा.

परतताना उजेडात एकदा तालिन्गुरू न्याकुन्जाकूचा रस्ता पाहून घ्या. पाट्या नीट आहेत, पण अंधारात पुढच्या गाडीच्या मागोमाग जाऊन सूर्यास्ताच्या पार्किंगमध्ये पोचणारे लोक असतात. ती जागा खडकाच्या पश्चिमेला आहे. सकाळी तिथून उलुरू फक्त काळा आकार दिसतो.

रात्री पिशवी भरून ठेवा:

- माणशी किमान दोन लिटर पाणी. उन्हाळ्यात चालण्याच्या दर तासाला एक लिटर हा इथला सरळ हिशेब.
- हिवाळ्यात टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट. टेकाड उघडं आहे आणि वारा थेट अंगावर येतो. नुसता स्वेटर पुरत नाही.
- लाल प्रकाशाची सोय असलेला हेडटॉर्च. पांढरा झोत शंभर माणसांच्या डोळ्यांत जातो.
- थर्मासमध्ये चहा आणि काहीतरी खाऊ, कारण नाश्ता दहाच्या आत हाती लागत नाही.
- बंद बूट. चपला-सँडलमध्ये वाळूबरोबर स्पिनिफेक्सची टोकं शिरतात. ते गवत लांबून मऊ गादीसारखं दिसतं, जवळ गेल्यावर सुया असतात.
- ऑक्टोबर ते एप्रिल तोंडावर घ्यायची माश्यांची जाळी. युलारात मिळते. ती विचित्र दिसते म्हणून पहिल्या दिवशी कोणी घेत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे घेतात.

पहाट

सूर्योदयाच्या अर्ध्या तासाहून थोडं आधी प्लॅटफॉर्मवर असणं हे लक्ष्य ठेवा, डिसेंबरमध्ये फाटकामुळे तेवढंही मिळत नाही. खरा खेळ सूर्य येण्याआधी, आभाळ निळं-जांभळं असताना सुरू होतो, आणि तो भाग सूर्योदयाच्या साधारण २५ मिनिटं आधीपासून पाहण्यासारखा असतो. युलाराहून फाटक, फाटकातून उलुरूला वळसा घालून पार्किंग, हे सगळं अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. गाडीला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, त्यात रांगेची दहा मिनिटं मिळवा. पार्किंगमधून प्लॅटफॉर्मपर्यंत काही मिनिटांची चढण आहे.

म्हणजे जुलैच्या सुरुवातीला सूर्योदय साडेसातचा धरला तर ६.०५ ला खोली सोडा, ६.३० ला फाटकातून आत, सातच्या थोडं आधी टेकाडावर. डिसेंबरच्या सुरुवातीला ४.४० ला निघा, फाटकावर रांगेतच थांबा, ५ ला आत, ५.२५ पर्यंत वर. डिसेंबरमध्ये ५.१५ ला निघालेला माणूस रस्त्यातूनच सूर्योदय बघतो, आणि रस्त्याच्या कडेला कुठेही गाडी थांबवायला परवानगी नाही. ठरलेल्या जागी आणि पार्किंगमध्येच थांबायचं.

जागा निवडताना सगळे सरळ वरच्या प्लॅटफॉर्मकडे धावतात. वरून काटा जुटा अधिक स्पष्ट दिसतं हे खरं, पण बसची माणसं तिथेच जमतात आणि कठड्याला चार रांगा लागतात. फक्त उलुरू हवा असेल, बरोबर म्हातारी माणसं किंवा चाकाची खुर्ची असेल, तर खालची जागा जास्त सोयीची. तिथे समोर झुडपं आणि डेझर्ट ओकची झाडं येतात, त्यांच्यामधून दिसणारा खडक फोटोत जास्त बरा दिसतो असं आमचं मत.

मग थांबा. पहिल्यांदा खडक राखाडी, मग तपकिरी, मग किरण पोचल्यावर काही मिनिटांत गंजासारखा लाल होतो. हा लाल रंग खरोखरच गंजाचा आहे. उलुरू फेल्डस्पार या खनिजाचं प्रमाण जास्त असलेल्या वालुकाश्माचा, आर्कोजचा, बनलेला आहे. त्यातल्या लोहाचं हवेतल्या प्राणवायूने ऑक्सिडीकरण होऊन बाहेरचा पापुद्रा लाल झाला. गुहांच्या आत मूळ खडक राखाडी दिसतो. क्षितिजालगतच्या उन्हातला निळा भाग हवेतच विखुरलेला असतो, उरलेलं तांबूस ऊन तांबड्या खडकावर पडतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं तो आतून पेटल्यासारखा वाटतो. त्यानंतर रंग सपाट होत जातो आणि लोक पांगतात.

आभाळ भरलेलं असेल तर? रंग येत नाही, एवढंच. पास तीन दिवसांचा आहे, म्हणून मुक्काम दोन रात्रींचा तरी ठेवावा आणि पहिलीच सकाळ या कामाला द्यावी, म्हणजे दुसरी हाताशी राहते. दुसऱ्या सकाळी गरज उरली नाही तर काटा जुटाच्या टेकाडावर जा. तिथून ६०० मीटरच्या जाण्यायेण्यात घुमट जवळून दिसतात आणि क्षितिजावर उलुरूची आकृती. युलाराहून ते दूर पडतं, म्हणून उन्हाळ्यात जमवणं कठीण.

शेवटची गोष्ट आवाजाची. कळसूबाईवर पहाटे पोचलो की घोषणा आपसूक तोंडातून निघते. इथे ती आवरा. शांततेचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण टेकाडावरचा आवाज खालपर्यंत घुमतो, आणि आजूबाजूची माणसं कुजबुजत असतात.

फोटो, आणि कुठे कॅमेरा खाली ठेवायचा

फोनवर खडकावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतील, मग उजेड थोडा कमी करा. तसं केलं नाही तर फोन अंधाऱ्या जमिनीला भुलून आभाळ पांढरं करून टाकतो. कॅमेऱ्यावर दोन्ही दृश्यं एका चौकटीत हवी असतील तर २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, एकट्या काटा जुटासाठी २०० मिलिमीटर. बारीक लाल धूळ उडत असते, टेकाडावर लेन्स बदलू नका. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची आतल्या खिशात ठेवा.

ड्रोन उडवायला बंदी आहे. व्यवसायासाठी चित्रण करायचं तर आधी परवाना लागतो. चॅनेलवरून पैसे मिळवणाऱ्यांनी आपण ‘हौशी’ आहोत असं गृहीत धरू नये, उद्यानाचे नियम वाचून घ्यावेत.

उलुरूभोवती काही जागा फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या विधींच्या आहेत. पायथ्याच्या वाटेवर अशा ठिकाणी पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या टप्प्यात फोटो काढायचे नाहीत. कारण सरळ आहे. ती स्थळं विशिष्ट व्यक्तींनी, विशिष्ट ठिकाणी उभं राहूनच पाहायची असतात. फोटो एकदा फिरू लागला की तो कोण पाहतंय यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

टेकाडाच्या पायथ्याच्या दोन वाटा

सूर्य वर आला, गर्दी पांगली, आता थर्मास काढा. पंधरा मिनिटांत पार्किंग अर्धं रिकामं होतं. मग मिनिमाकू, म्हणजे बायकांची वाट, आणि वातिकू, म्हणजे पुरुषांची वाट, अशा क्रमाने जा. दोन्ही वाटा सर्वांना खुल्या आहेत, बाईने बाईच्याच वाटेने जावं असं बंधन नाही. चढउतार किरकोळ आहे. भराभर चालाल तर थोडक्या वेळात उरकतील, पण दोन्हींना मिळून तासभर द्या. पाट्या वाचून पुढे सरकायचं असं केलं तर हाती काही लागत नाही. पाटीवर जे लिहिलंय ते आजूबाजूला शोधायचं.

शोधायचं म्हणजे काय, तर पाचसहा गोष्टी. स्पिनिफेक्स, ज्याला अनांगू जान्पी म्हणतात. त्याचा चीक झोडपून गोळा करतात, तापवतात आणि त्याचा काळा डिंक होतो. अनांगू त्या डिंकाला ‘किति’ म्हणतात. भाल्याचं टोक बसवायला, फुटलेलं लाकडी भांडं सांधायला तोच लागतो. मुल्गा, बुटकी राखाडी पानांची बाभळीच्या कुळातली झाडं. लाकूड इतकं कठीण की त्याचीच हत्यारं होतात आणि बिया दळून भाकरी. त्याच झाडाखालच्या जमिनीत मधमुंग्यांची वारुळं असतात. ती खणायला बायका वाना वापरतात, टोकदार केलेली खणायची काठी. कुर्कारा, म्हणजे डेझर्ट ओक, हे झाड दोन रूपांत दिसतं. लहानपणी ते पिसासारखं सरळसोट आणि किडकिडीत असतं, मुळं खोल पाण्याला लागली की फांद्या पसरून डेरेदार होतं. एकाच टेकाडावर दोन्ही रूपं शेजारी दिसतात आणि पाहणाऱ्याला ती वेगळी झाडं वाटतात. वाळूवरच्या सकाळच्या खुणाही बघा. रात्रभर फिरलेल्या सरड्यांच्या, पाखरांच्या, किड्यांच्या रेघा ऊन तिरकं असेपर्यंतच स्पष्ट दिसतात, नऊनंतर वारा त्या पुसतो. मागोवा काढणं हे इथलं पहिलं शिक्षण, मुलं ते चालता चालता शिकतात.

वाटेवर फांद्यांचे आडोसे दिसतील, त्यांना विल्जा म्हणतात. थकलात तर सावलीत बसा, फांद्या ओढू नका.

वाट सोडू नका. वाळूत जाकुरा नावाच्या दुर्मीळ सरड्याची बिळं असतात आणि टेकाडाची वाळू वनस्पतींच्या जोरावरच धरून राहिलेली आहे. एक पाऊलवाट पडली की वारा तिथूनच ती पोखरतो.

तिथून कुनिया वाटेकडे

टेकाडावरून निघालात की उलुरूच्या दक्षिण अंगाला कुनियाचं पार्किंग लागतं. जाऊन येऊन एक किलोमीटरची ही वाट मुटिजुलूच्या पाणवठ्याकडे नेते, आणि सकाळी इथे बसचे जथे पोचण्याआधी जावं. कथा आधी माहीत असली पाहिजे, तर खडक दिसतो.

कुनिया ही अजगर स्त्री. ती पूर्वेकडून अंडी घेऊन उलुरूला आली. तिच्या भाच्याला लिरू, म्हणजे विषारी सापांच्या टोळीने भाले मारून ठार केलं. ती जाब विचारायला गेली तेव्हा एका लिरूने तिची खिल्ली उडवली. कुनियाने रागाने वाळू उधळत नाच सुरू केला, विधिपूर्वक, स्वतःला आवरायला म्हणून. राग शमला नाही. तिने वाना उचलली आणि त्याच्या डोक्यावर हाणली. पहिला वार जखमी करणारा, दुसरा जीव घेणारा. पाणवठ्याच्या वरच्या कड्यावर दोन उभ्या भेगा दिसतात, ते हे दोन वार. एक नागमोडी काळी रेघ म्हणजे स्वतः कुनिया. पाहुण्यांना सांगायची म्हणून अनांगूंनी ठरवलेली ही कथा आहे. तिचे आणखी थर आहेत, ते विचारू नयेत. शेजारच्या गुहेत जुनी भित्तिचित्रं आहेत. हात लावू नका, बोटांचं तेल रंगाला लागतं.

पाण्यात उतरायचं नाही, बाटली बुडवायची नाही. वाळवंटातल्या प्राण्यांचं ते पिण्याचं पाणी आहे.

पुढे अंगात ताकद आणि हवेत थंडावा असेल तर मालाच्या पार्किंगला जा. तिथून कांजू घळीपर्यंतची माला वाट जाऊन येऊन दोन किलोमीटर. रेंजरबरोबरची मोफत फेरी तिथूनच निघते. ती कोणत्या दिवशी, किती वाजता हे सांस्कृतिक केंद्रात आदल्या दिवशी विचारून ठेवा. उलुरूला पूर्ण प्रदक्षिणा १०.६ किलोमीटरची आहे, साडेतीन तास लागतात. सूर्योदय, दोन पायवाटा आणि प्रदक्षिणा एकाच सकाळी कोंबू नका. उन्हाळ्यात तर नाहीच, कारण चालणं अकराच्या आत संपवायचं असतं. काटा जुटाची ७.४ किलोमीटरची व्हॅली ऑफ द विंड्स वाट तापमानाचा अंदाज ३६ अंश किंवा जास्त असेल तर अकराला पहिल्या टप्प्यापुढे बंद करतात. उन्हाचा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण म्हणजे घाम थांबणं नव्हे, त्याच्या कितीतरी आधी डोकं दुखतं आणि माणूस चिडचिडा होतो. त्याच क्षणी सावलीत बसा, मिठाचं-साखरेचं पाणी घ्या आणि परत फिरा.

खडकावर चढणं, दगड उचलणं

२६ ऑक्टोबर २०१९ पासून उलुरूवर चढायला कायमची बंदी आहे. गड दिसला की माथा गाठायचा ही आपली सवय इथे कामाची नाही. जुन्या चढाईची घासून पांढरट झालेली पट्टी मालाच्या बाजूने आजही दिसते.

दगड, वाळू, काटकी काहीही उचलू नका. लोक आठवण म्हणून खडे नेतात आणि नंतर माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवतात. उद्यानाकडे असे ‘सॉरी रॉक्स’ सतत येत असतात. कोणता खडा कुठला हे कळायला मार्ग नसल्यामुळे ते मूळ जागी ठेवताही येत नाहीत. भक्तिभावाने फूल, कुंकू, नाणं वाहायचंही टाळा. ती जागा दुसऱ्यांच्या पूजेची आहे, तिचे विधी त्यांचे.

मुटिजुलू ही पायथ्याची वस्ती लोकांची घरं आहेत, परवान्याशिवाय आत जायचं नाही. अनांगू माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. विचारल्यावर ‘विया’ ऐकू आलं तर ते नाही. आणि ‘पल्या’ लक्षात ठेवा: नमस्कार, ठीक आहे, बरंय येतो, सगळ्याला तो एकच चालतो.